मिलिंद, तुझ्या हाताबद्दल

मिलिंद,

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. माणसं धरली होती त्याहून जास्त आली, खीर पातळ करावी लागली. सतरंज्या विहारातून वेळेवर आल्या आणि वेळेवर परत गेल्या. वंदनेला मी पुढच्या रांगेत बसले होते आणि मनात भात पुरेल का याचा हिशोब चालला होता. तुला हे ऐकून हसू आलं असतं. मला रडायला अजून जागा सापडलेली नाही.

मांडव सुटायच्या आत तुझा मित्र संतोष आला. त्याच्यासोबत तुझे नेहमीचे दोघं. तिघं माझ्यासमोर चवड्यावर बसले.

"आक्का, मिलिंदभाऊला उडवलं त्या टिप्परचा ड्रायव्हर जामिनावर सुटला. बिलोलीकडं गाव हाय त्याचं. घरीच हाय."

"मग?"

"मग काय. तुम्ही फक्त हाव म्हणा. हातपाय मोडून येतो. जिवाला धक्का लावत न्हाई."

मी म्हटलं, उद्या सांगते.

मला ते नको होतं असं समजू नकोस. पातेली घासताना मी सगळं ठरवून टाकलं होतं. जीप कुणाची न्यायची, मुखेडहून कुठल्या रस्त्यानं जायचं, फोन कुणी घरी ठेवायचे, आधी गुडघा की आधी कोपर. काथ्यानं पातेल्याचं बूड घासत होते आणि मला त्या माणसाचं तोंड दिसत होतं. इतकी स्वच्छ, इतकी नीट आखलेली गोष्ट मी खूप दिवसांत मनात केली नव्हती. हात लाल झाले तेव्हा थांबले.

आयुष्यभर मी तुला सांगत आले, हात आवर. आता माझाच आवरेना. म्हणून त्या तिघांना काय उत्तर दिलं ते सांगण्याआधी तुझ्याशी बोलायचं आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे, ते आठवतं का?

तू माझ्याकडे राहायला आलास ते टँकरचं वर्ष. तिकडे लातूरला रेल्वेनं पाणी आणत होते आणि आपल्या गल्लीत टँकर कधी येईल ते ड्रायव्हरच्या मर्जीवर होतं. कापसाच्या जिनिंगवरच्या मुकादमाचा जबडा फोडून तू आला होतास. मुकादमानं काय शिवी दिली ते तू मला कधी सांगितलं नाहीस, पण कुठल्या जातीची शिवी असेल ते मला विचारायची गरज नव्हती. वकिलांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाई, ह्याच्यावर आणखी एक तक्रार आली तर जामीन रद्द. मग माझ्याकडे येऊ नका." ह्यांची बदली तेव्हा किल्लारीला होती, ते शनिवारी यायचे. म्हणजे आठवडाभर तुझा हात सांभाळायचं काम माझ्याकडे.

माझं कोर्टासमोर टायपिंगचं टेबल होतं. टंकयंत्रावर अर्ज करून घ्यायला कुणी येईनासं झालं होतं. तू म्हणालास, "आक्का, आपण कॉम्प्युटर बांधू." विकत घेऊ नाही, बांधू. घर बांधतात तसा. नांदेडच्या दुकानातून एकेक भाग आणलास. मदरबोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीत मांडीवर ठेवून आणलास, बाळंतिणीच्या बाळासारखा. बैठकीच्या खोलीत चादर पसरून सगळं जोडलंस, आणि पडद्यावर पहिल्यांदा उजेड आला तेव्हा तू माझ्या पाठीत अशी थाप मारलीस की मला ठसका लागला.

तुझं प्रेमही तसंच होतं. लागायचं.

कामही मिळालं. दुष्काळी अनुदानाचे अर्ज आणि त्याहून जास्त नव्या जिल्ह्याची निवेदनं. त्या वर्षी प्यायला पाणी नव्हतं पण जो तो नवा जिल्हा मागत होता. मुख्यालय कुठं असावं यावर हॉटेलात कप फुटत होते. आपल्याकडे एक समिती यायची, तिचं निवेदन टाइप व्हायचं, आणि तासाभरात तिच्यातून फुटलेली दुसरी समिती यायची. तू दोघांचंही तितक्याच मन लावून टाइप करायचास.

मग मशीन मरायला लागलं.

आधी छपाईच्या मधेच बंद पडायचं. मग सुरूच व्हायचं नाही, नुसती लांब शिट्टी. तू रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचास, परत बसवायचास, आणि तरी नाही झालं की कॅबिनेटच्या बाजूला एक थप्पड. थप्पड मारली की चालू व्हायचं. खरंच व्हायचं. तू माझ्याकडे बघायचास.

"बघितलंस? मारल्याशिवाय ऐकत न्हाई."

"पट्टी सैल असेल. हलली की टेकते. त्याला ऐकणं म्हणत नाहीत."

"तू तुझं कागदावर लिही आक्का. मी माझं हातानं करतो."

मी कागदावर लिहीत होतेच. माझं म्हणणं एवढंच होतं की एका वेळी एकच भाग बदलायचा आणि काय होतं ते बघायचं. तू तीन गोष्टी एकदम उपसायचास आणि मग कशानं बरं झालं ते तुलाही कळायचं नाही. त्या उन्हाळ्यात धूळ इतकी की प्रोसेसरच्या पंख्यावर गोधडी चढायची. ती काढली. बटणासारखी बॅटरी काढून परत घातली. हिरवी तार काळीला जोडून नुसता पॉवर सप्लाय चालवून बघितला. तो चालला. तासाभरानं सगळं परत मेलं. नांदेडला जाऊन तो सप्लाय बदलून आणलास, रॅम बदलून आणलीस. नवी रॅमही चालेना. तुझ्या मनात एकच गोष्ट बसली, दुकानदार जुना माल रंगवून देतो.

त्यातच समितीचं निवेदन अडकलं. दुसऱ्या दिवशी ते कलेक्टर ऑफिसात द्यायचं होतं, सह्यांसाठी गावोगाव माणसं थांबली होती, आणि तिसऱ्या पानाला पडदा काळा झाला. समितीतला तो मोठ्या मिश्यांचा गृहस्थ म्हणाला, "कुणाकडून किती घेतलेस रे? आमचं निवेदन बंद पाडायला?"

तू उठलास. खुर्ची मागे पडली. त्याची मान तुझ्या एका हातात होती आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरसकट वर सरकत होता. मी मधे घुसले. माझं डोकं तुझ्या हनुवटीला लागलं, आपण दोघंही कळवळलो, म्हणून त्याची मान सुटली. बाहेर जाऊन तो ओरडत होता, ठाण्यात जातो म्हणून. मी चपला न घालता त्याच्यामागे गेले. काय काय बोलले ते तुला कधी सांगितलं नाही, आताही सांगणार नाही. तो गेला नाही, एवढं पुरे.

घरी येऊन बघते तर तू मशीनचे भाग पिशवीत भरत होतास.

"कुठं?"

"नांदेडला. त्या दुकानदाराला आज सरळ करतो."

तुला अडवता येणार नव्हतं. म्हणून दुसरी पिशवी मी उचलली. एसटीत तू खिडकीकडे आणि मी वाटेकडे, कारण वाट अडवून बसायची मला सवयच लागली होती.

दुकानात तू सगळं काउंटरवर ओतलंस. दुकानदार पोट सुटलेला, शांत माणूस. त्यानं एकेक भाग आपल्या टेबलावर जोडला. रॅम चालली. सप्लाय चालला. मदरबोर्ड चालला. शेवटी सगळं एकत्र जोडलं तरी चालत राहिलं, त्यानं गाणंही लावून दाखवलं. मी मनात एकेक नाव खोडत होते आणि खोडायला काही उरलं नव्हतं. तुझा चेहरा मात्र काळा पडत गेला.

"इथं चालतंय, घरी मरतंय. काय जादू करून राहिलास तू?"

आणि काउंटरवरून वाकून त्याची गचांडी. त्याचा चष्मा खाली पडला. दुकानातली माणसं धावली. कुणीतरी तुझ्या पाठीत गुद्दे घालत होतं, तुला लागत नव्हतं. मी तुझ्या मनगटाला लटकले होते. त्या सगळ्यात तो दुकानदार गुदमरत माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, घरचं... घरचं अर्थिंग बघा हो."

तू सोडलंस.

मी चष्मा उचलून पदरानं पुसला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं कॉलर सरळ केली. "तुमच्याकडं बघून सोडतो," म्हणाला. परतीच्या एसटीत मी तुला जे बोलले ते सगळ्या गाडीनं ऐकलं असणार. तू नरसीच्या पुढे आल्यावर म्हणालास, "गचांडी धरली म्हणून बोलला ना? इतक्या येळा गेलो, तवा का न्हाई सांगितलं त्यानं? गळा आवळल्यावर आठवलं."

मिलिंद, आपलं भांडण तिथंच थांबलेलं आहे.

घरी येऊन तू बल्ब घेतलास. एक तार फेजला, दुसरी अर्थिंगला. बल्ब नीट लागायला हवा होता. आतली तार नुसती विझत्या बिडीएवढी लाल झाली. आपण दोघांनीही मागच्या भिंतीकडे बघितलं. अर्थिंगचा खड्डा तिथं होता, कोळसा आणि मीठ घालून पुरलेला, आणि त्याच्या शेजारून मोरीचं पाणी वाहायचं. म्हणजे आधी वाहायचं. टँकर सुरू झाल्यावर तूच तो पाइप फिरवून ड्रममध्ये सोडला होतास, संडासाला ते पाणी व्हावं म्हणून. मी तुला शाबासकी दिली होती आणि गल्लीतल्या चार घरांनी ते बघून आपापले पाइप फिरवले होते. खड्ड्याला महिनोन् महिने थेंब मिळाला नव्हता. जमीन वाळून दगड झाली होती. पत्र्याच्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या, त्या आपण उन्हाळ्याच्या समजत होतो. सगळे भाग चांगले होते. ते उभे होते ती माती मेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू दोन बादल्या पाणी काढलंस. कुठून, ते मला नंतर कळलं. आंघोळीचं तुझ्या वाटणीचं पाणी तू मशीन बिघडल्यापासून बाजूला ठेवत होतास. कशाला, ते तुलाही माहीत नसावं. पंखा थंड ठेवायला पाणी लागेल असं काहीतरी तुझ्या डोक्यात होतं. मी तुझ्या वासावरून तुला टोचत होते.

मी आत बल्बपाशी उभी होते, खिडकी उघडी. तू बाहेर खड्डा उकरून मीठ टाकलंस आणि पाणी सोडायला लागलास, सावकाश, मुरेल तसं. मी आतून सांगत होते, "अजून नाही... थोडा लाल... अजून घाल."

तेव्हा समोरच्या गोविंदमामांनी बघितलं. टँकरच्या रांगेतून रिकामी कळशी घेऊन ते परत येत होते. त्यांच्या नंबरावर टँकर संपला होता.

"पाणी जमिनीत ओतून राहिलास? भाड्या, पाणी जमिनीत?"

तू काही बोलायच्या आत कळशी तुझ्या कपाळावर बसली. तांब्याची कळशी. तो आवाज मला अजून येतो. मग रांगेतली बाकीची माणसं आली. लाथा, बुक्क्या, कुणाची तरी चप्पल. एका बाईनं बादलीत उरलेलं पाणी आधी आपल्या घागरीत ओतून घेतलं आणि मग तुला मारलं. मी खिडकीच्या गजांना धरून ओरडत होते. माझ्या पाठीमागे बल्ब भपकन लागला. भिंतीवर माझी सावली पडली म्हणून मला कळलं.

पण मी बघत होते ते तुझे हात. मला वाटलं, आता एक जण मरणार. गोविंदमामांची मान तुझ्या एका पंजात मावली असती. तू दोन्ही हात मागे नेलेस आणि तळवे भिंतीला टेकवून उभा राहिलास. रक्त डोळ्यात जात होतं, तू ते पुसलंही नाहीस. ते मारत होते आणि तू भिंतीला चिकटून उभा होतास, जणू भिंत पडेल म्हणून धरली आहेस.

दवाखान्यात टाके घालताना मी विचारलं, "केसमुळं?"

"न्हाई."

"मग?"

"आक्का, गप बस. टाके घालून राहिलेत."

नंतरही मी कितीदा विचारलं. सणाला विचारलं, तुझ्या लग्नात विचारलं, केस सुटली त्या दिवशी विचारलं. तू प्रत्येक वेळी विषय बदललास. एकदा फक्त म्हणालास, "त्यांच्या जागी मी असतो तर कळशीवर थांबलो नसतो." आणि चहा मागितलास.

गोविंदमामा दोन दिवसांनी आले. टँकर वाढवून मिळावा म्हणून अर्ज टाइप करायचा होता. कपाळाला पट्टी बांधून तू टाइप करत होतास आणि ते बाजूला उभे होते.

"लई लागलं का रं?"

"तुमची कळशी चेपली का?"

"चेपली की."

"मंग झालं बराबर. अर्जात तुमचं नाव वर टाकू का खाली?"

मशीन त्यानंतर कुरकुरलं नाही. मोरीचा पाइप तू परत खड्ड्याकडे फिरवलास. नवा जिल्हा काही झाला नाही. ती निवेदनं कुठल्या कपाटात आहेत कुणास ठाऊक. तू मात्र त्या बैठकीच्या खोलीतच पुढे दुकान काढलंस, अख्ख्या तालुक्याचे बंद कॉम्प्युटर तुझ्याकडे यायला लागले, आणि तू प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचास, मोरी कुठं आहे. लोकांना वाटायचं तू वेडा आहेस. मला अभिमान वाटायचा. तो मी तुला बोलून दाखवला नाही. तू फुगला असतास.

बरं, आता त्या तिघांचं.

काल संतोषला मी एकट्याला बोलावलं. तो अपघाताच्या दिवशी तुझ्या मागे आपल्या गाडीवर होता, सगळं त्यानं बघितलं, आणि मला एवढंच सांगितलं होतं की जागेवरच गेला, त्रास झाला नाही. मी त्याला चहा दिला आणि विचारलं, "टिप्परचे ब्रेक लागत नव्हते असं तू मांडवात कुणाला तरी म्हणालास. तुला कसं ठाऊक?"

"तो ड्रायव्हरच म्हणत होता हॉटेलवर, आधी कधीतरी. मालकाला सांगून थकलो म्हणे. मालक म्हणतो, चालव न्हाईतर उतर."

"हे ठाण्यात सांगशील?"

त्यानं कप खाली ठेवला.

"मालक लई मोठा माणूस हाय, आक्का."

"म्हणजे ड्रायव्हरचे गुडघे फोडायला तुम्ही तिघं. आणि मालकाचं नाव घ्यायला?"

"तसं न्हाई..."

"कसं आहे मग?"

माझा आवाज चढला होता. हातात उलथणं होतं. त्या क्षणी मला संतोषलाच मारावंसं वाटलं, आणि ते उलथणं मी ओट्यावर इतक्या जोरात आपटलं की फरशीचा टवका उडाला. तो दचकून उभा राहिला. मी म्हटलं, "ड्रायव्हरला हात लावायचा नाही. लावलात तर तुमच्या विरुद्ध पहिला अर्ज मी टाइप करीन. जा."

तो गेला. मला वाटलं, आता येत नाही.

आज दुपारी आला. एकटाच. बैठकीत तुझ्या खुर्चीकडे न बघता स्टुलावर बसला आणि म्हणाला, "टाइप करा. पर सगळं सांगतो, मधे थांबवू नका." जबाब ठाण्यात घेतील ते वेगळं, पण सहीचा कागद हातात असला की त्यांना टाळता येत नाही, हे कोर्टासमोरच्या टेबलानं मला शिकवलं आहे. मी मशीन चालू केलं.

त्यानं हॉटेलातलं सांगितलं, मालकाचं नाव सांगितलं, उतारावर टिप्पर कसा सुटला ते सांगितलं. टिप्परनं तुझी गाडी कशी फरफटत नेली ते सांगितलं. मी टाइप करत गेले, काना मात्रा न चुकता. मग तो अडखळला.

"आक्का, मी खोटं बोललो होतो. जागेवर न्हाई गेला मिलिंदभाऊ."

मी थांबले नाही. बोटं चालू ठेवली.

"उठला. कपडे फाटलेले, सगळं रक्त. चालत केबिनपाशी गेला, दार उघडलं, ड्रायव्हरला गचांडी धरून खाली ओढलं आणि एक ठेवून दिली. लई जोरात. ड्रायव्हर रडायला लागला. म्हणाला, भाऊ, ब्रेक लागले न्हाईत. मिलिंदभाऊनं त्याची कॉलर सोडली. मंग..."

तो थांबला. नाक पुसून म्हणाला, "हे लिवायचं का? वकील म्हणतील, मारलं म्हणून केस ढिली पडते."

पडेल. ते मलाही कळतं. मी ते वाक्य वाचलं, परत वाचलं. मिल्या, इतकी शांती मला या दिवसांत कशानंच मिळाली नव्हती, वंदनेनं नाही की लोकांच्या बोलण्यानं नाही. तू मारलंस. तुझ्या हातानं, शेवटचा, स्वतःचा हिशोब स्वतः करून गेलास, आमच्यातल्या कुणावर ठेवून गेला नाहीस. मला हसू फुटलं. संतोष घाबरून माझ्याकडे बघायला लागला.

"लिहायचं," मी म्हटलं. "झालं तसं लिहायचं."

संतोष बाहेर पाणी प्यायला गेला आहे. 'कॉलर सोडली' इथंपर्यंत टाइप झालं आहे. पुढची ओळ त्यानं सांगितलेली नाही आणि मीही त्याला हाक मारलेली नाही. त्या ओळीत तू पडतोस.